तात्यांनी लावलेलं एक लेबल

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता तात्या आले नाहीत. सव्वासातला त्यांच्या बहिणीने, आक्कांनी, जिन्यात उभं राहून मला हाक मारली. मी खाली गेलो. तात्या गेले होते.

मी कुणी न्यायला न येता तीन मजले एकटाच उतरलो, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तात्या म्हणजे आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतले परिचर. मी त्याच कॉलेजचा ग्रंथपाल. निवृत्तीनंतर रंकाळ्याजवळच्या एकाच इमारतीत आम्ही राहायला आलो. ते आणि आक्का तळमजल्यावर, मी आणि माझी बायको मालती तिसऱ्यावर. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत आता सायकली असतात.

तात्यांना लेबलांचं वेड होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने बिनलेबलच्या बाटलीतलं आम्ल स्वतःच्या पँटवर सांडून घेतलं, तेव्हापासूनचं. "लेबल वाचल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाय," हे त्यांचं वाक्य कॉलेजात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं. घरी मिठाच्या बरणीवर 'मीठ (खाण्याचे)', माठावर 'पाणी', चष्म्याच्या घरावर 'आक्का, जवळचा'. जोतिबाहून आणलेल्या गुलालाच्या पुडीवरसुद्धा तारीख.

"माझ्या कपाळावर बी एक लाव की," आक्का म्हणायच्या.

"तुला कशाला? तुझा आवाज पुरे हाय."

मालती गेली त्यानंतर मी खाली उतरणं बंद केलं. विचारणाऱ्यांना मी गुडघ्यांचं कारण सांगत असे. गुडघे दुखत होते, नाही असं नाही, पण मी सांगत होतो तितके नाहीत. गुडघ्यांवर काहीही ढकलता येतं, कुणी उलटतपासणी घेत नाही. घरात पुस्तकं होती आणि दूधवाला वर यायचा. आपलं हे एकांतात राहणं फार भारदस्त आहे, असा माझा समज होता.

एका रविवारी दुपारी तात्या पातेलं घेऊन वर आले. पातेल्यावर लेबल होतं: 'खेकडा. सरांच्या गुडघ्यासाठी.'

"ग्लुकोसामीन," ते दम खात म्हणाले. "साखरंचाच कण, पर एका जाग्याला अमिनो गट चिकटलेला. आपल्या सांध्यातल्या गादीत असतंय. अंग आपलं आपण तयार करतंय, पर म्हातारपणी गादी झिजतीया. मग ते आणायचं कुठनं? खेकड्याच्या कवचातनं!"

"कवचातून निघतं कसं?"

"हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवायचं. आन् तुमच्या पोटात दुसरं काय हाय? तेच की!"

कवचं त्यांनी खलबत्त्यात कुटून रश्श्यात घातली होती. आयुष्यभर वाचन केलेल्या माणसाला हा युक्तिवाद पटला, हे नमूद केलं पाहिजे. मी दोन वाट्या रस्सा प्यालो. अर्ध्या तासात माझे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आणि तात्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मालती गेल्यानंतर मी पहिल्यांदा रस्त्यावर आलो तो असा, तोंडावर टॉवेल धरून.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तात्या दारात. चेहरा पडलेला.

"आपलं चुकलं, सर. पोटातलं आम्ल पातळ, कारखान्यातलं कडक. पोटातल्यानं कवच फुटत न्हाय. आन् तुमास्नी खेकडा चालत न्हाय, म्हंजे तुमच्यासाठी आणल्याली ग्लुकोसामीनची गोळी बी नको. आता दुसरा प्रयोग."

दुसरा प्रयोग असा. गोळी तात्यांनी घ्यायची, मी घ्यायची नाही. दोघांनी रोज सकाळी जिना उतरायचा, रंकाळ्यापर्यंत जायचं, परत यायचं. कुणाचा गुडघा किती कुरकुरतो ते वहीत लिहायचं. गोळीचा खरा गुण किती आणि मनाचा किती, हे त्यातून निघणार होतं. वहीत माझं नाव 'बिनगोळीचे' असं होतं.

रोज सातला ते तीन मजले चढून यायचे. प्रयोगशाळेतली जुनी तपकिरी बाटली खिशातून काढायचे. तिच्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'ग्लुकोसामीन'. एक गोळी तोंडात टाकायचे आणि विचारायचे, "बोला. गुडघा काय म्हणतोय?"

मी बोलायचो. उजवा, डावा, पायरीगणिक. माझ्या गुडघ्यांवर इतकं बोलता येईल, असं मलाही वाटलं नव्हतं. तात्या सगळं उतरवून घ्यायचे. वाटेत त्यांचं व्याख्यान चाले. "मधुमेहवाल्यानं जपून. रक्त पातळ करायची गोळी चालू आसंल तर डॉक्टरला इचारल्याबिगर शिवायचं न्हाय. आन् गुण येतोय का? शास्त्रज्ञांच्यातच एकमत न्हाय. काय जणांस्नी नुसतंच वाटतंय."

"मग उपयोग काय?"

"नुसतं वाटलं तरी माणूस जिना उतरतोय की!"

सहा महिन्यांत मी त्यांच्या पुढे चालू लागलो. रंकाळ्याच्या कठड्यापाशी थांबून मागे वळून म्हणायचो, "काय तात्या, गोळीवाला मागं?" वहीत तात्यांनी लिहिलं, 'बिनगोळीचे पुढे.' मला विजय झाल्यासारखं वाटलं. निरीक्षणशक्तीबद्दल कॉलेजात माझं नाव होतं, हेही इथे सांगून टाकतो.

तेराव्यानंतर आक्कांनी मला खाली बोलावलं आणि दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक ती तपकिरी. दुसरी औषधाच्या दुकानातली, ग्लुकोसामीनची, सीलसुद्धा न फोडलेली.

"ही घेतलीच नाही त्यांनी?"

"त्याला कुठली चालतीया? हृदयाची झडप बदलल्यापास्नं रक्त पातळ करायची गोळी चालू होती. डॉक्टरनी साफ न्हाई म्हटलं."

"झडप कधी बदलली?"

"तुमी वैनींच्या उशाला दवाखान्यात होता, तवा."

"मग रोज माझ्यासमोर काय घ्यायचे?"

"पेपरमिंट."

मी तपकिरी बाटलीचं झाकण काढलं. तो वास मला ओळखीचा होता. रोज सकाळी सात वाजता तो माझ्या दारात येत होता.

"आन् त्याचं गुडघं तुमच्यापरास वाईट," आक्का म्हणाल्या. "फिरून आला की तासभर शेकत बसायचा. मी म्हणायची, मरूदे तो प्रयोग. तर म्हणायचा, सर परत दार लावून बसतील."

वर्षभर मी माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. त्यांचे काय म्हणतात, हे एकदाही विचारलं नाही.

दुकानातल्या बाटलीवर त्यांनी स्वतःची चिठ्ठी चिकटवली होती: 'सरांसाठी आणली. सरांना खेकडा चालत नाही. मला रक्ताच्या गोळीमुळे चालत नाही. कुणी घेऊ नये.'

ते लेबल खरं होतं. तात्यांची सगळीच खरी असत. त्या तपकिरी बाटलीवरचं तेवढं एक सोडून.

ती बाटली आता माझ्याकडे आहे. तिच्यात चार पेपरमिंट आहेत. सकाळी सात वाजता मी जिना उतरतो.