ड्रिलचे शवविच्छेदन

"वॉरंटी आहे ना? मग हे परत दे आणि नवीन घेऊन ये. आजच्या आज!" देसांका म्हणाली आणि टेबलावरचे बॅटरीचे ड्रिल तिने नवऱ्याकडे असे ढकलले, जणू ते चावरे होते.

वेलिबोरने ते उचलले नाही. चष्मा कपाळावर चढवून तो नुसता बघत राहिला. पिरोत गावातल्या आणि आसपासच्या डोंगरांवरच्या गाई-मेंढ्या तपासण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली तरी गावात त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. त्याचीही सवय गेली नव्हती. समोर काहीही आजारी दिसले, मग ते घड्याळ असो की बाजेचा खिळखिळा झालेला पाय, त्याला आधी रोग कळायला हवा असे. बरे करण्याचे नंतर बघू.

"सकाळी मागच्या खोपटातून आणलं तेव्हा खटका दाबून दाबून बोट दुखलं, पण हूं की चूं नाही," तो म्हणाला. "मग इथे शेगडीजवळ ठेवलं. कॉफी पिऊन बघतो तर गरगर फिरतंय! असं का व्हावं?"

"मला काय विचारतोस? दुकानदाराला विचार."

"आणि बॅटरीचं काय? शनिवारी पूर्ण भरून ठेवतो, संध्याकाळी बघावं तर निम्मी. पेशंट काही काम न करता खंगतोय म्हणजे आत काहीतरी आहे. उघडून बघतो."

"खबरदार!" देसांका एवढ्या मोठ्याने ओरडली की खिडकीतले मांजर उतरून गेले. "त्या स्क्रूवर कंपनीचं सील आहे. ते फाटलं की वॉरंटी गेली. संत लुकाचा दिवस तोंडावर आलाय, घराण्याच्या संताचा सण, आपली स्लावा आहे, घर भरून माणसं येणार. ड्रिल मला… तुला हवंय ना? ती फळी लावायची नाही का?"

वेलिबोरला नवल वाटले ते इथे. व्हिएन्नाच्या जावयाने वाढदिवसाला हे ड्रिल पाठवले, तेव्हा हीच देसांका म्हणाली होती की, याच्या हाती हे देण्यापेक्षा माकडाच्या हाती द्यावे, भिंती तरी वाचतील. आणि आता फळीची एवढी काळजी? पण बायकोचे निदान करण्याचा प्रयत्न त्याने फार पूर्वीच सोडून दिला होता. ड्रिल पिशवीत घालून तो निघाला.

दुकान पुलापलीकडे होते. दुरुस्तीचे काउंटर सांभाळणारा स्रेच्को हा मोठ्या पोटाचा, शांत माणूस. त्याच्या लहानपणी घरच्या डुकरिणीची अवघड वीण वेलिबोरनेच सोडवली होती, त्यामुळे डॉक्टरांना तो मान देई. त्याने ड्रिल हीटरशेजारी ठेवले, वॉरंटीचा कागद नीट वाचला, एका गिऱ्हाइकाला खिळे दिले आणि मग खटका दाबला. ड्रिल झकास फिरले.

"डॉक्टर, हे तर घोड्यासारखं पळतंय."

"घरी मेलेलं होतं!"

"इथे तर जिवंत आहे. जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला मी कसा देऊ?"

वेलिबोर परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोपटात ड्रिल पुन्हा निपचित. तो तसाच घाईने पुलापलीकडे गेला, पण दुकानात गर्दी होती. त्याची पाळी येईपर्यंत पिशवी हीटरला टेकून राहिली आणि ड्रिल पुन्हा आनंदाने गुणगुणू लागले.

"माझ्यासमोर बंद पडायला हवं हो," स्रेच्को ओशाळून म्हणाला. "मी कंपनीला काय कळवू? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून?"

"बरोबर आहे," वेलिबोर म्हणाला. त्याला राग आला नव्हता. लंगडी घोडी डॉक्टर आला की सरळ चालते, हे त्याने आयुष्यभर पाहिले होते. उलट त्याची उत्सुकता आता ऊतू जात होती.

घराजवळ शेजारीण झोर्का कुंपणाशी पाने लोटत उभी होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकटी राहायची, आणि गल्लीत कोणाकडे काय शिजते, कोण येते, कोण जाते यावर तिचे बारीक लक्ष असायचे.

"डॉक्टर, जरा बसत जा हो स्वस्थ," ती म्हणाली. "या वयात एवढे कष्ट! दर शनिवारी दुपारी बघावं तर तुमचं घर्र घर्र चालूच. आमचे हे असते ना, तर त्यांना तुमचं उदाहरण दिलं असतं."

वेलिबोर दर शनिवारी दुपारी कफानात, म्हणजे गावातल्या खानावळीत, बुद्धिबळ खेळत असे. झोर्का टोमणा मारतेय असे समजून तो हसला आणि घरात येऊन त्याने ते देसांकाला सांगितले.

"तिचे कान वाजतात," देसांका म्हणाली आणि तिला एकदम परसातले कपडे आठवले. ती गेलीच.

वेलिबोर विचारात पडला. रोगी ऊब मिळाली की उठतो, थंडीत पडतो. खात्री करायला एकच उपाय होता. त्याने फ्रिज उघडला, चीजचा डबा आणि भाजलेल्या मिरच्यांची बरणी बाजूला सारली आणि मधोमध ड्रिल ठेवले. दुपारी देसांकाने दही काढायला फ्रिज उघडला आणि किंचाळली.

"अरे वेलिबोर! वेड लागलंय का तुला?"

"बाहेर काढू नकोस! ताप उतरवतोय!"

संध्याकाळी निकाल लागला. गार ड्रिल मेलेले, उबेला आणले की जिवंत. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. वेलिबोरला इतका आनंद झाला की त्याने देसांकाचा मुका घेतला. ती म्हणाली, "नवीन आणलंस तर मी तुझा घेईन."

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून थर्माकोलची जुनी पेटी काढली. तिच्यातून तो मेंढ्यांच्या लशी न्यायचा. खाली बर्फ, वर ड्रिल, त्यावर घडी केलेले फडके. स्रेच्कोच्या काउंटरवर त्याने झाकण उघडले तेव्हा रांगेतले लोक मान वर करून बघू लागले. ताजी मासळी असेल, असे त्यांना वाटले असावे.

स्रेच्कोने खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शांतता.

"गेलं!" त्याचा चेहरा उजळला. "अभिनंदन, डॉक्टर! आता नवीन मिळणार." कपाटातून त्याने कोरे खोके आणून काउंटरवर ठेवले. "घेऊन जा. जुनं मी पोत्यात टाकतो."

"पोत्यात?"

"महिन्याचा सगळा भंगार माल गाडीतून जातो आणि तिकडे तो चिरडतात."

"आणि कशानं गेलं ते कधी कळतं?"

"कळत नाही. कोणी बघतच नाही."

वेलिबोरचा एक हात नव्या खोक्यावर होता, पण नजर जुन्या ड्रिलवरून हलेना. "स्रेच्को, पार कोपऱ्यातल्या गावात, बर्फात, मेंढी मेली तरी पोट उघडल्याशिवाय मी तिला पुरू दिलं नाही कधी. तुम्ही पोतीच्या पोती मुडदे पाठवता आणि एकाचंही शवविच्छेदन नाही?"

"डॉक्टर, ड्रिल आहे हो ते."

"असू दे. पण थंडीनंच का मरतं? तुला प्रश्न पडत नाही?"

इतकी वर्षे स्रेच्को दुरुस्तीच्या काउंटरवर बसला होता, पण दुरुस्त त्याने काहीच केले नव्हते. इकडची खोकी तिकडे केली होती, एवढेच. त्याने पोट खाजवले, ड्रिल उचलले, कानाशी हलवून पाहिले आणि ठेवून दिले. मग पुन्हा उचलले.

"खरंच," तो हळूच म्हणाला, "का मरत असेल हो?"

शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर त्याने दाराला 'आत्ता येतो' अशी पाटी लावली. मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरले. वेलिबोर सीलला बोट लावायला धजेना, देसांकाचा आवाज कानात होता. ते स्रेच्कोनेच नखाने टर्रकन फाडले. स्क्रू निघाले, कवच उघडले आणि दोघांचीही डोकी एकाच वेळी खाली वाकून एकमेकांवर आपटली.

आत, खटक्याभोवती, पांढरी, टणक खपली धरली होती.

"गंज?" स्रेच्कोने विचारले.

"गंज पांढरा नसतो." वेलिबोरने हुंगले. पुन्हा हुंगले. मग सुईने कण उचलून जिभेवर ठेवला.

"अहो डॉक्टर, विषारी असेल!"

"साखर आहे," वेलिबोर म्हणाला. "साखर, व्हॅनिला, आणि… अंड्यातला पांढरा बलक. थंडीत कडक होतो, खटका अडकतो. उबेला मऊ पडतो."

स्रेच्को त्याच्याकडे टक लावून बघत होता. "डॉक्टर, विचारू नये, पण तुम्ही घरी या ड्रिलनं नेमकं करता काय?"

शनिवारची दुपार, उतरलेली बॅटरी, झोर्काचे वाजणारे कान, परसातले कपडे, सगळे एकामागोमाग वेलिबोरच्या डोळ्यांपुढे येऊन बसले. देसांकाचे शाम-रोल गल्लीत नावाजलेले होते. पापुद्र्याच्या खुसखुशीत नळ्या, आत अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा ढगासारखा फेस. आणि तो फेस ती हातानेच फेटते, यंत्र शिवत नाही, हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

"एक अडचण आहे," स्रेच्को खाकरून म्हणाला. "खाण्याचं काही आत गेलं तर वॉरंटी लागू होत नाही. आणि सील… सील तर मीच फाडलं." त्याने कोरे खोके उचलले आणि जड पावलांनी परत कपाटात ठेवले.

आता उपचारच उरला होता. टेबलाच्या खणात स्रेच्कोची राकिया, प्लमची कडक दारू, होती. कापसाचा बोळा तिच्यात बुडवून वेलिबोरने खपली हलक्या हाताने पुसून काढली. उरलेली राकिया दोघांनी रोग्याच्या प्रकृतीसाठी घेतली. जोडलेले ड्रिल बर्फात पुरून पाहिले. खटका दाबताच ते असे उसळले की बर्फाचा खडा स्रेच्कोच्या मिशीत जाऊन बसला.

घरी देसांका दारातच होती. "मिळालं नवीन?"

"जुनंच आहे. बरं झालं."

तिचा चेहरा उतरला. "उघडलं?"

"मी नाही. कंपनीच्याच माणसानं."

"मग? काय निघालं?"

पुलावरून येताना वेलिबोरने दोन-तीन झणझणीत वाक्ये तयार ठेवली होती. पण एप्रनखाली ती उजवे मनगट डाव्या हाताने चोळत होती. हे चोळणे त्याने किती महिने पाहिले होते? पाहिले होते आणि सोडून दिले होते. लंगडणारी शेळी त्याला पलीकडच्या टेकडीवरून दिसायची.

"साखर," तो नुसता म्हणाला.

देसांका खुर्चीवर बसली. "गेल्या हिवाळ्यापासून फेटवत नाही रे. पाच मिनिटं झाली की कळ थेट खांद्यात जाते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तपासत बसला असतास. मला म्हातारी घोडी करून टाकलं असतंस."

"मग साधा मिक्सर घ्यायचा!"

"मिक्सरचा आवाज अख्खी गल्ली ओळखते! झोर्कानं खिडकीतून ऐकला की संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी. ड्रिलचा आवाज आला तर लोक म्हणतात, डॉक्टर किती कामसू आहेत." तिने एप्रन सारखा केला. "तुझीही इज्जत वाढलीच की नाही?"

वेलिबोरला हसू आवरेना. मग त्याने तिचे मनगट हातात घेतले, सांधा हळूच दाबून पाहिला आणि ती रागवायच्या आत विचारले, "बरं, पण फेटतेस कशानं?"

तिने कपाटाच्या मागून तारेचे एगबीटर काढले. त्याची दांडी बरोबर ड्रिलमध्ये बसेल अशी कापलेली होती.

"हे कोणी कापलं?"

"मीच. तुझ्या करवतीनं. तिचे दात गेलेत, ते स्लावा झाल्यावर सांगणार होते."

"आणि वेग?"

"आधी पहिला. साखर घालायला लागले की दुसरा."

वेलिबोरने मान डोलावली. कारण पटण्यासारखे होते.

स्लावाच्या आदल्या दिवशी दुपारी तो कफानात गेला नाही. बाह्या सरसावून, ड्रिलच्या झरोक्यांवर जखमेची जाळीदार पट्टी गुंडाळून, तो उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यावर वाकला होता. देसांका शेजारी उभी राहून साखर सोडत होती. फेस चढत होता, शुभ्र आणि चकचकीत. वाफेने गुदमरायला झाले म्हणून तिने खिडकी उघडली, तोच कुंपणापलीकडून झोर्काचा आवाज आला.

"देसांका! सणाच्या तोंडावर काय गं चाललंय डॉक्टरांचं?"

"फळी लावतोय!" देसांका ओरडली.

"छान, छान! लावू दे!" झोर्काची खिडकी लागली.

वेलिबोरने फेस ताठ झाला का ते बघायला ड्रिल थांबवले. आणि त्या शांततेत पलीकडून आवाज आला. घर्रर्र.

दोघेही एकमेकांकडे बघू लागले.

"झोर्काकडे कोण आलंय?" वेलिबोर कुजबुजला.

"कोणी नाही. तिचा मुलगा परवा येणार आहे."

"मग भिंतीत भोक कोण पाडतंय?"

झोर्का दर स्लावाला एक उंच, पांढराशुभ्र केक घेऊन यायची आणि ताट ठेवताना हटकून म्हणायची, "हाताचं काम ते हाताचंच, नाही का गं देसांका?" वेलिबोरने कान टवकारले. रोग्याची छाती ऐकावी तसा तो ऐकत होता.

"दुसरा वेग," तो म्हणाला. "साखर पडतेय."

आता हिच्या तोंडून काय बाहेर पडते या भीतीने तो देसांकाकडे बघत राहिला. ती खिडकीशी गेली, दोन्ही हात चौकटीवर टेकले आणि बाहेर वाकली.

"झोर्का! तुझ्याकडेपण फळी का?"

पलीकडचा आवाज गप्पकन थांबला.

"हो गं!" शेवटी झोर्काचे उत्तर आले. "भिंत फार कडक आहे!"

"सावकाश कर मग!" देसांका म्हणाली. "एकदम सगळी घालू नकोस. थोडी थोडी घाल, नाहीतर पाणी सुटतं भिंतीला!"

"बरं!" झोर्का म्हणाली.

आणि पलीकडे ड्रिल पुन्हा सुरू झाले. या वेळी पहिल्या वेगावर.