दशरथअण्णांचा मुका डबा

भर बाजाराच्या दिवशी, वडवणीच्या लाकडाच्या वखारीत, गल्ल्यावर बसलेल्या बाईंकडे मी मुका मागितला.

मला 'मुका तुकडा' म्हणायचं होतं, म्हणजे ठोकल्यावर न घुमणारं लाकूड. गल्ल्यावर नेहमी शेठ असतात. म्हणून मी खाली मान घालून, घाम पुसत, "एक मुका द्या, जरा जाड बघून," असं म्हणालो आणि वर पाहिलं तर शेठच्या सूनबाई! मागं माझ्या वर्गातल्या एका पोराचे वडील उभे होते. "गुरुजी, ऊन लागलं का?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी लाकूड न घेताच बाहेर पडलो.

जीभ माझी घसरली, पण शब्द आमच्या शेजारच्या दशरथअण्णांचा. लाकूड त्यांनीच आणायला सांगितलं होतं.

अण्णा साखर कारखान्यात फिटर. त्या साली पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही, आणि गाळप नाही म्हणून अण्णा घरी. हाताला काम नसलेला फिटर घरात फार दिवस नुसता बसत नाही. त्यांनी गाण्याच्या स्पीकरचा डबा करायला घेतला.

तेव्हापासून दिसेल त्या लाकडाला ते बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि कान लावायचे. दार, बाज, शाळेचा फळा, काही सोडलं नाही. एकदा आमच्याकडं पाहुणे बसलेले असताना आत आले, माझ्या खुर्चीला मागून ठोकून "पोकळ हाय" म्हणाले आणि निघून गेले. हे नक्की कशाबद्दल, हे पाहुण्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"डबा मुका पायजे, मास्तर," ते मला समजावत. "गाणं आतून येतंय, त्याला येऊ द्यावं. डब्यानं मधी बोलायचं न्हाई. बोलका डबा म्हंजे सोयरिकीच्या बैठकीतला आगाऊ पाव्हणा."

दुकानदारानं भुशाची दाबलेली फळी दाखवली, तर ती त्यांनी परत सरकवली. "एका पावसात फुगंल ही."

"अण्णा, पाऊस कुठं हाय?" दुकानदार म्हणाला.

"न्हाई म्हणून काय भुसा घिऊ?"

हा सगळा आटापिटा कौसावहिनींसाठी होता, हे गल्लीला ठाऊक होतं. मोठा ताप येऊन गेला आणि अण्णांच्या बायकोचे कान गेले. पूर्वी ही बाई रेडिओच्या पुढं पुढं गायची. रेडिओ मागं राहायचा. आता ऐकू येईना तसं त्यांनी बोलणंही सोडलं. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन नुसतं करकरायचं, ते त्यांनी डाळीच्या डब्यात टाकून दिलं. अण्णांनी निदान केलं, "मशीन बारकं हाय. मी मोठं करतो."

टँकरच्या रांगेत दूध संस्थेच्या चेअरमननी त्यांना हटकलं. "दशरथ, गावात प्यायला पाणी न्हाई, अन् तू गाण्याचा डबा कशाला करतो रं? ऐकनार तरी कोन तुज्या घरात?"

रांग हसली. अण्णांनी घागर खाली ठेवली.

"पाणी न्हाई म्हणून कान बी कोरडेच ठिवायचे का? अन् ऐकनार कोन, ते मी बगतो."

पुढं जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि संस्थेनं सामान विकायला काढलं. अण्णा तिथं हजर. संचालक मंडळाचं सागवानी टेबल त्यांनी चारी बाजूंनी ठोकलं आणि चेअरमनच्या देखत जाहीर केलं, "ह्ये घेतो. इतक्या बैठका ऐकल्या, पर कदी तोंड उघडलं न्हाई. याच्याहून मुकं लाकूड जिल्ह्यात मिळायचं न्हाई."

टेबलाचा डबा झाला. दुधाच्या कॅन ठेवायच्या लोखंडी घोड्याचा रॅक झाला. रॅक थरथरू नये म्हणून त्याच्या पोकळ पायांत वाळू भरली. नदीत तेवढीच उरली होती.

पहिलं गाणं लावलं तेव्हा अख्खी गल्ली अण्णांच्या ओसरीवर होती. काय आवाज! शब्द न शब्द निवडून ठेवल्यासारखा. डबा ठार मुका. अण्णा मात्र एकीकडंच बघत होते. कौसावहिनी ज्वारी निवडत होत्या. अण्णांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी वहिनींनी मान वर केली आणि विचारलं, "लागलं का गाणं?"

अण्णांनी बटण बंद केलं. लोक उठले.

आठवडाभर त्यांच्याकडून काही ऐकू आलं नाही. मग एका सकाळी असा काही खडखडाट सुरू झाला, की मी दाढी अर्धी ठेवून धावलो. अण्णांनी डब्याचं सागवानी झाकण उपसून काढलं होतं आणि तिथं टोमॅटोच्या पेटीच्या पातळ फळ्या ठोकल्या होत्या. गाणं ओळखू येईना.

"अण्णा, हा डबा तर बोलतोय!"

"बोलू द्या."

वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. दोन्ही तळवे थरथरत्या फळीवर.

"ढोलकी हाय," त्या म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, मोठ्यानं. "थांबली बगा. ...आली, आली!"

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू चेअरमन, टँकर, डॉक्टर सगळे माझ्याच मागं उभे होते. "आमचं लाकूड चुकलं हुतं, मास्तर. लईच मुकं घेतलं." मग आवाज चढवून म्हणाले, "सांगा त्या चेअरमनला. ऐकनारं मानूस गावलं म्हनावं."

घरी आलो. बायको भाकरी थापत होती. तिच्यासमोर बसून मी हे सगळं रंगवून सांगितलं. मधे ती दोनदा काहीतरी म्हणाली, पण मी ओघात होतो. माझं संपल्यावर तिनं भाकरी उलटली.

"कौसाबाईचं बरं झालं," ती म्हणाली. "तिचे कान गेलेत, तर तिला फळी तरी मिळाली. तुमचे कान धड हायेत. तुमच्यासाठी मी आता कसलं लाकूड बघू?"