मैदान कुणाचं?

सोसायटीची बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली, की आमच्या शेजारचे शिंदेकाका उजवा हात वर करून गॅलरीतून ओरडतात, "मैदान कुणाचं?" पाण्याचा टँकर आला तरी तेच, गॅस आला तरी तेच. आतून सुमनकाकूंचं "आमचंच की हो!" येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा बँकेत काम पहिल्याच फेरीत झालं, तर हे गृहस्थ घरापर्यंत हात वर करून चालत आले. वाटेत दोन रिक्षा थांबल्या. पुण्यात, न बोलावता! आता बोला.

ही त्यांच्या कॉलेजची आरोळी. विद्यापीठाच्या खो-खो सामन्यात यांचा संघ सडकून मार खात होता. काकांनी उत्साहात हात वर करून विचारलं, "मैदान कुणाचं?" यांच्या बाजूनं कुणी हूं की चूं करेना. हात खाली घ्यायची लाज वाटून हे तसेच उभे. शेवटी जिंकणाऱ्या कॉलेजच्या बाकावरून एक मुलगी खवचटपणे ओरडली, "आमचंच की हो!" सगळं मैदान हसलं. पुढच्या सामन्यापासून यांच्या कॉलेजनं ते उत्तरच उचललं आणि काकांनी पुढे त्या मुलीशी लग्न केलं.

खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन ते वारज्याला आले. रविवारी सोसायटीतली आयटीवाली पोरं क्रिकेट खेळताना "कम ऑन, कम ऑन" करायची. काका वरून म्हणायचे, "अरे, मघापासून बोलावताय, आलं का कुणी? आरोळीला उत्तर लागतं!"

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. "बोलतं करायचा प्रयत्न सोडू नका," डॉक्टर म्हणाले. झालं! रोज सकाळी चहा पाजून काका खाटेजवळ हात वर करून उभे. "मैदान कुणाचं?" काकू नुसत्या बघायच्या. हात दुखायला लागला की काका दुसऱ्या हातानं कोपराला आधार द्यायचे. मला बघवेना. एकदा मीच म्हटलं, "आमचंच की हो!"

"तुमचं नाही चालायचं, वहिनी," ते हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी रडले.

परवा काकूंसाठी पेज घेऊन गेले, तर हात वरच. चांगलाच थरथरत होता. काकू त्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले.

"हात... दुखेल... हो."

"चुकलं!" काका केवढ्यांदा ओरडले. "सुमन, साफ चुकलं! उत्तर ते नाहीये!"

"खाली... घ्या."

आणि आयुष्यात पहिल्यांदा, चुकीच्या उत्तरावर शिंदेकाकांनी हात खाली घेतला. काकूंच्या कपाळावर ठेवला आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.