पेडणेकरकाकांचा ठोका

सकाळी आमच्या मजल्यावर दूधवाल्याच्या आधी पेडणेकरकाकांचा चमचा वाजतो. स्टीलच्या पेल्यावर. टण्, टण्, टण्, आणि मग मधेच टण्टण्. नवीन भाडेकरूंना वाटतं, कुल्फीवाला आलाय. मी सांगते, नाही हो, समोरचे काका रियाज करतायत.

काकांना तालाचं अंग नाही, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. गणपतीच्या आरतीत त्यांची टाळी सगळ्यांच्या पुढे धावते, जणू प्रसाद संपणार आहे. त्यामुळे त्यांच्या हातात झांज कोणी देत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते फोरमन होते. रिटायर होऊन डोंबिवलीत आमच्या समोर राहायला आले, पण कारखाना काही सुटला नाही. माणसाचा मेंदू म्हणजे त्यांच्या लेखी 'वरचं ऑफिस'. मी गॅसवर दूध ठेवून विसरले की दारातून म्हणणार, "माल स्टोअरमध्ये आहे वर्षा, चावी सापडत नाहीये तुला." माझा नवरा मोबाइल बघत जिना उतरताना घसरला, तर त्याला उचलायच्या आधी लेक्चर. "एका मशीनवर दोन जॉब लावलेत तुम्ही. वरचं ऑफिस गोंधळणारच." नवरा बिचारा पायरीवर बसूनच हो हो म्हणत होता.

मग त्यांच्या बायकोला, आमच्या सुधाकाकूंना, पार्किन्सन्स झाला. हात थरथरायचा, ते एक वेळ चाललं असतं. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे, दारात तर हमखास. "वरून ऑर्डर सुटते गं," काका मला समजावत, "पण खाली पोचत नाही." डॉक्टर म्हणाले, आतलं टायमिंग बिघडलंय, तुम्ही बाहेरून ताल द्या, पाय उचलला जाईल. अख्ख्या डोंबिवलीत ताल द्यायला देवाला हाच माणूस सापडला.

काका लागले ठोके द्यायला. पण शिफ्ट सुटायची वेळ झाल्यासारखी त्यांची लय वाढत जायची, आणि काकूंची पावलंही तशीच, बारीक आणि घाईची. एकदा तोल गेला. भिंत धरून काकू म्हणाल्या, "अहो, मला माल संपवायचा नाहीये. हॉलपर्यंत जायचंय."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. मी घरी भजनाचा क्लास घेते.

"मला नुसतं सारख्या अंतरानं ठोकायला शिकव," म्हणाले. "संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकवाला तिला स्वतःच्या पायांनी यायचंय. व्हीलचेअरवर मेले तरी बसणार नाही म्हणते."

झालं. बायका भजन म्हणायच्या आणि काका कोपऱ्यात बसून पेला वाजवायचे. बायका वैतागल्या, मीही वैतागले, दोनदा तर मी चमचा काढून घेतला. काका तेवढ्यापुरते गुडघ्यावर बोटं वाजवत बसायचे. पण थंडी पडेपर्यंत ठोका बराच जागेवर आला.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी काकू काळी साडी नेसून निघाल्या. मागे काका, पेला आणि चमचा. पॅसेज छान पार झाला. माझ्या उंबऱ्याशी मात्र पाय अडला. आत बायका वाण हातात धरून उभ्या. काका ठोके देत होते, अगदी बरोबर देत होते, मला तर अभिमान वाटला. पण पाय हलेना. मग काका घाबरले आणि लय पळाली.

"अहो, जरा थांबा," काकू म्हणाल्या.

त्यांनी डोळे मिटले. ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणल्या, आणि उचलला पाय. आत आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि मला विचारलं, "लाडू कडक नाहीत ना गं? दात नाहीत मला." सगळ्या हसल्या. मला रडूच आलं.

तिळगूळ घेऊन मी बाहेर गेले. काका पॅसेजमध्येच उभे होते. खूश होते, पण नुसते खूश नव्हते.

"आपली आपण गेली," म्हणाले. मग हळूच, "येताना लागेन ना मी तिला?"

"लागाल की. खुर्ची आणू?"

"नको. बसलो तर तिला आतून दिसणार नाही मी."