तात्यांच्या काखेतल्या वहाणा

माळावरचं गवत लागलं की आमच्या भाड्याच्या घराचे मालक तात्या पायातल्या वहाणा काढून काखेत मारतात. मला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे, तळ झिजू नयेत म्हणून जपतो. दिवाळीला मी त्यांना नवा जोड आणून दिला. तोही काखेत गेला.

काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “पायाला इचार.” पाऊस येईल का, म्हैस कुठल्या अंगाला गेली असेल, सगळं पायाला ठाऊक. माळावर गवतांची माझी शिकवणीच घ्यायचे. घोट्याला टोचते ती कुसळी, म्हणजे उतार आला. तळव्याला मऊ लागते ती मारवेल, तिथे खाली ओल. बांधाजवळ गुडघ्याला घासतो तो पवन्या; तिथे त्यांची बायको, बाळूची आई, त्यांच्यासाठी भाकरी घेऊन बसायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. तात्या मात्र रोज सकाळी तिथे जाऊन बसतात.

यंदा बाळूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, माळ नांगरला. गोठ्यात संकरित गाई आल्या, चारा पुरेना. खत टाकून, पाइप फिरवून सगळीकडे हत्तीगवत लावलं. दोन महिन्यांनी कापायचं, पुन्हा वाढवायचं. त्याचंही चुकलं असं नाही, घर दुधावरच चालतं. मधून पायवाटेएवढा पट्टा ठेव, असं तात्या म्हणाले होते. कशाला, ते सांगेनात. मला त्यांच्या हट्टाचा रागच आला. नांगर पोचला नाही म्हणून बांधाकडेचं जुनं गवत तेवढं वाचलं.

परवा सकाळी ते लवकर परतले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. हत्तीगवताच्या मधोमध उभे होते, वहाणा काखेत. बांध वीस पावलांवर होता. मी समोर उभा राहिलो, तरी ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. हाक मारली तेव्हा कुठे चेहरा वळला.

“पायाला इचारलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पर हितनं तितं एकच गवत. न्हाई सांगत.”

मग त्यांनीच सांगितलं, दोन वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं. कळलं तर घरात बसवतील, म्हणून कुणाला बोलले नव्हते. चिक्कू म्हणून त्यांना किती हसलो होतो मी. फार लाज वाटली.

हात धरून त्यांना बांधापाशी आणलं. पायाला कुसळं टोचली तसा त्यांनी माझा हात सोडला.

“हितनं जातो मी. बाळूला बोलू नगंस.”

सरळ पवन्यात जाऊन बसले, आणि शेजारचं गवत हाताने सारखं केलं. मी चपला काढल्या आणि तेवढी जागा सोडून बसलो.