जबेझ थ्रॉलचं मरण

वेंडेल थ्रॉल दर उन्हाळ्यात एकदा मरत असे, आणि फार छान मरत असे.

टिल्बरी गावच्या मैदानावर त्या दिवशी जुनी लढाई पुन्हा लढली जायची. वसाहतीच्या काळात इथे जमीन कसायला आलेल्या माणसांनी बंदुका उचलून फ्रेंचांना अडवलं होतं. त्यात ‘गावचे चार अविवाहित तरुण’ मेले, असं मैदानातल्या दगडावर कोरलं आहे. पहिलं नाव जबेझ थ्रॉल, वय एकोणीस. वेंडेल जबेझ व्हायचा. छातीवर हात ठेवून कोसळायचा, एकदा उठायचा, आकाशाकडे बघायचा आणि सावकाश मरायचा. चावडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप, पिणारी माणसं तेवढा वेळ चमचे थांबवायची. मग भाषणं संपेपर्यंत त्याला गवतात पडून राहावं लागे, आणि चावडर सगळ्यांत शेवटी मिळे.

यंदा ऑर्विल स्नोने हरकत घेतली. तोही दरवर्षी आपला पूर्वज ओबेडाया होऊन मरायचा, पण तोफेमागे, कुणाला न दिसता.

“सरळ वंशजानेच भूमिका करायची, असा नियम आहे,” तो समितीत म्हणाला. नियम त्यानेच करून घेतला होता. “वेंडेलने पुरावा आणावा.”

“रविवारी वंशावळ आण, वेंडेल,” समितीच्या प्रमुख मिसेस व्हीलॉक म्हणाल्या. “नाहीतर मैदानातली पुढची जागा ऑर्विलची.”

वेंडेल निर्धास्त होता. त्याची पुतणी मर्सी नुकतीच जीवशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती. तिने एकेक पिढी मागे जात वंशावळ मांडली आणि वरच्या टोकाला पोचल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

“काका, जबेझ एकोणिसाव्या वर्षी मेला?”

“दगडावर लिहिलंय की.”

“लग्न न होता?”

“लग्न कुठलं. पोरगा होता तो.”

“मग आपण कुठून आलो?”

वेंडेल पावाला लोणी लावत राहिला. “थ्रॉल घराण्यातून.”

“त्याला भाऊ होता?”

“एकुलता एक होता बिचारा. म्हणून तर लोक रडतात.”

एवढं म्हटल्यावर मात्र त्याची सुरी थांबली.

मर्सीने विचार केला. जबेझ जगला असेल, तर पळाला असेल. फ्रेंच उत्तरेकडून आले होते, म्हणजे पळणारा दक्षिणेला नदी ओलांडणार. दुसऱ्या दिवशी काका-पुतणी नदीपलीकडच्या गावच्या जुन्या दफनभूमीत गेली. मागच्या कोपऱ्यात एका दाट वेलीखाली थडग्याचा काळा दगड होता. त्यावर कोरलं होतं : जबेझ थ्रॉल, पूर्वी टिल्बरीचा, वय अठ्ठ्याऐंशी. शेजारी ओळीने तीन बायका.

“हा दुसरा कुणी असेल,” असं म्हणत वेंडेलने दोन्ही हातांनी वेल बाजूला केली. वेल खाजरी होती, हे मर्सी सांगणारच होती.

रविवारी तो कोपरापर्यंत खाजेचं गुलाबी औषध फासून समितीपुढे उभा राहिला. त्याने सगळं खरं सांगितलं, कारण खोटं बोलताना खाजवता येत नव्हतं.

ऑर्विल पोटभर हसला. “म्हणजे तुझा जबेझ पळपुटा निघाला.”

“मर्सी, आता याचा ओबेडाया काढ,” वेंडेल म्हणाला.

“काढायला काही नाही, काका. दगडावर आहे. वय सतरा, अविवाहित.” तिने सभेकडे पाहिलं. “चौघांचंही तसंच आहे. दगड खरा असेल, तर त्यांचा सरळ वंशज या खोलीत कुणीच नाही.”

मिसेस व्हीलॉक यांचा हात आपोआप छातीवरच्या वंशजाच्या पदकाकडे गेला. चौघांतला एलायजा त्यांचा पूर्वज होता.

“ओबेडायासुद्धा पळालाच असणार,” ऑर्विल घाईने म्हणाला. “आमच्याकडे सगळेच चपळ.”

“एलायजा तर सगळ्यांच्या पुढे असणार,” मिसेस व्हीलॉक ठामपणे म्हणाल्या. चौथ्याच्या घरच्यांनीही माना डोलावल्या. वंश बुडण्यापेक्षा पळालेला पूर्वज बरा, यावर एकमत झालं.

“पण मग मरणार कोण?” मिसेस व्हीलॉकनी विचारलं. “लोक लांबून येतात.”

दाराशी पिझ्झाचे खोके घेऊन स्टाव्ह्रोस उभा होता. गावात त्याचं पिझ्झाचं दुकान होतं. दरवर्षी तो लढाईत घ्या म्हणून विचारायचा आणि दरवर्षी त्याला पूर्वज विचारले जायचे.

“मी मरतो,” तो म्हणाला. “माझे सगळे आजे-पणजे ग्रीसमध्ये मेले. एकही इथला निघायचा नाही.”

“बरोबर आहे,” मर्सी म्हणाली. “ज्यांना वंशज नाहीत, त्यांची भूमिका वंशज नसलेल्यानेच करावी.”

नियमात याच्या आड येणारं काही सापडलं नाही.

लढाईच्या दिवशी फ्रेंचांनी पहिली फैर झाडली आणि टिल्बरीची अख्खी पलटण मैदान सोडून दक्षिणेला पळाली. सर्वांत पुढे वेंडेल होता. नदीत गुडघाभर पाण्यात तो थांबला आणि मागे वळला. मैदानात एकटा स्टाव्ह्रोस चौघांच्या वाटचं मरत होता. तो तिसऱ्यांदा उठला आणि आकाशाकडे बघून पुन्हा पडला. टाळ्या थांबेनात.

“वाईट वाटतंय, काका?” काठावरून मर्सीने विचारलं आणि चावडरचा वाडगा पुढे केला.

वेंडेल पाण्यातून वर आला. त्याने एक घोट घेतला आणि दचकून वाडग्याकडे पाहिलं.

“हे गरम असतं?”

पलीकडे भाषणं सुरू झाली. स्टाव्ह्रोस गवतात निपचित पडून होता. वेंडेल काठावरच्या दगडावर ऐसपैस बसला.

“जबेझ हुशार होता,” तो म्हणाला. “आणखी आहे का गं?”