जगाचे मालक आणि सुभेदारांचा ऊस

पलूसजवळच्या त्या गावात सुभेदार भाऊसोंना ओळखत नाही असा माणूस नाही. लष्करातून निवृत्त, बांधाला लागून झकास ऊस, आणि सांगलीतल्या फ्रीमेसन नावाच्या, बंद दाराआड भरणाऱ्या बंधुमंडळाचे जुने सदस्य! ही मंडळी कमरेला एप्रन बांधून बैठकीत काय करतात, हे गावाने कधी विचारलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण साताऱ्याच्या स्टँडवर सुभेदारांनी ते जाडजूड पुस्तक विकत घेतलं!

पुस्तकाचं म्हणणं असं, की फ्रीमेसन लोकच गुपचूप सगळं जग चालवतात. युद्धं तेच लावतात, सरकारं तेच पाडतात! एसटीत सुभेदार एवढे हसले, की शेजारची बाई उठून कंडक्टरजवळ जाऊन बसली. हसू येणारच! गेल्या बैठकीत श्रीखंड की बासुंदी यावरून या जगाच्या मालकांची जोरदार जुंपली होती, आणि सभागृहाची फडफडणारी ट्यूब दिवाळीपासून कुणी बदलली नव्हती.

"उद्या टपरीवर वाचून दाखवतो. पोट धरून हसतील लोक!" सुभेदारांनी घरी जाहीर केलं.

"हसतीलच की!" त्यांच्या पत्नी मनुबाई म्हणाल्या. "गॅस बंद करायचं ध्यानात ऱ्हात न्हाई, आन् म्हनं जग चालवत्यात!"

सुभेदारांनी टपरीवर कवायतीचा आवाज लावून वाचलं. पण हसेल कोण? शेवटी धनाजीने तोंड उघडलं. धनाजी म्हणजे कारखान्याचा चिटबॉय. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ते त्याच्या हातात.

"सुभेदार, परवा कोयनेला हादरा बसला, त्योबी तुमीच...?"

"आरं खुळ्या, समदं खोटं हाय हे!"

"आवं, पर 'सदस्य कधीच कबूल करत नाहीत' असं आत्ताच वाचलं न्हवं तुमी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुभेदार जितकं नाही म्हणत गेले, तितकी गावाची खात्री पटत गेली.

आणि खोटं कशाला बोला, सुभेदारांनाही ते जरा गोड लागलं! टपरीवर चहा फुकट, बसायला पंख्याखालची खुर्ची. गल्लीतल्या शालूबाई भाच्याच्या बदलीसाठी गळ घालायला आल्या, तेव्हा 'न्हाई' म्हणायचं सोडून त्यांच्या तोंडून 'बघू' निघून गेलं!

मग ऊसतोड सुरू झाली. शेजारच्या जयराजचा ऊस गेला, त्याच्या पलीकडचाही गेला. सुभेदारांच्या उसाला तुरे आले, वजन घटायला लागलं, तरी तोडकऱ्यांची टोळी बांधावरून सरळ पुढे! वर्षभराचं पीक डोळ्यांदेखत वाळताना बघून धावतपळत त्यांनी धनाजीला गाठलं.

"धनाजी, माजी तोड कवा रं?"

"काय चेष्टा करता गरिबाची!" धनाजीने हात जोडले. "अमेरिकेचा अध्यक्ष तुमी ठरवता, आन् तोड मी देऊ? तुमी नुसती खूण करा, वरनंच टोळी यील. तवर बाकीच्यांचं उरकतो."

"गड्या, देवाशपथ सांगतो, माज्या हातात काय बी न्हाई!"

"व्हय व्हय," धनाजीने डोळा मारला. "कबूल करायचं नसतंय. ठावं हाय आमास्नी."

सुभेदार घरी येऊन डोकं धरून बसले. मनुबाई चपला घालून बाहेर पडल्या.

सकाळी रानात पुरी टोळी हजर! कोयते सपासप चालले होते. मागोमाग निम्मं गावही आलं, पण सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. धनाजीने बांधावर बसलेल्या सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वैनींनी सांगितलं समदं. काढून टाकलं म्हनं तुमास्नी त्या मंडळीतनं. लय वाईट झालं! पर खचू नका सुभेदार. जग गेलं तर गेलं, ऊस तर हाय!"

शालूबाईंनी पदराने डोळे टिपले. सुभेदार ताडकन उठले. आपण आजही सदस्य आहोत, परवा बैठकीला चाललो आहोत, हे अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांची नजर रानाकडे गेली. निम्मा ऊस अजून उभा होता!

ते मुकाट्याने खाली बसले आणि पडेल आवाजात म्हणाले, "व्हय. काढलं मला."